लेकीच्या नावाची एक फळी

दिवाळीची साफसफाई काढली की आमच्या अमरावतीच्या घरातला माळा खाली येतो. मुलाची बॅट, इंजिनिअरिंगचा ड्रॉइंग बोर्ड, वह्यांचे गठ्ठे. तो पुण्याला नोकरीला लागून तीन वर्षं झाली, तरी मी सगळं पुसते आणि परत वर चढवते. राहू दे, लागलं तर?

लेकीचं मात्र उलटं झालं. लग्न होऊन ती अकोल्याला गेली आणि महिनाभरात तिची खोली पाहुण्यांची झाली. तिची पत्र्याची पेटी मी उघडूनही न पाहता भंगारवाल्याला देऊन टाकली. भाऊबीजेला आली तेव्हा तिनं विचारलं, "आई, माझी पेटी गं?" तिच्यात मल्लखांबाची प्रमाणपत्रं होती. इथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात ती लहानपणी रोज जायची. १९१४ साली स्थापन झालेली, १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलेली ही संस्था. तिथं आपली पोर शिकते, याचा आम्हाला केवढा अभिमान! अन् तिचे कागद मात्र रद्दीत. ती चिडली नाही. "असू दे," एवढंच म्हणाली. तेच जास्त लागलं. अकोला दोन तासांवर. एक फोन करायला काय झालं होतं?

महिला मंडळात हा विषय काढला, तर घरोघरी तीच गत. एक मावशी म्हणाल्या, "पोरीचं काय वं, ते तं आता दुसऱ्या घरची! तिले काहून पाहिजे इथं सामान?"

इथंच आपलं चुकतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा हक्क जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. कायदा हिस्सा देतो आणि आपण आई असून कपाटातली एक फळी देत नाही!

सगळंच जपा, असं माझं म्हणणं नाही. मुलाला फोन केला तर तो हसून म्हणाला, "देऊन टाक ना आई, मला काय करायचंय?" म्हणजे ते ओझं त्याचं नव्हतंच, माझ्या मायेचं होतं. आता मी नियम केलाय. आधी विचारायचं, मग हात लावायचा. मुलगा असो की मुलगी, प्रत्येकी एक पेटी ठेवायची. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला वेगळ्या फाईलमध्ये, कारण त्याचं काम आयुष्यभर पडतं. अभ्यासक्रम बदललेली पुस्तकं रद्दीत गेली तरी चालतील. शब्दकोश, गोष्टींची पुस्तकं, कंपासपेटी मात्र गरजू मुलांना द्यावी. कपडे द्यायचे तर धुऊन, बटणं लावून द्यावेत. उघड्यानागड्यांना वस्त्र आणि गरीब मुलांना शिक्षण द्या, असं सांगणाऱ्या गाडगेबाबांची समाधी आपल्याच गावात आहे. फाटकं देऊन पुण्य मिळत नाही.

गेलेली पेटी काही परत यायची नाही. पण पाहुण्यांच्या खोलीतल्या कपाटाची मधली फळी आता लेकीची आहे. सध्या रिकामीच आहे. संक्रांतीला आली की तिचं ती ठरवेल, काय ठेवायचं ते. मैत्रिणींनो, तुमच्या घरी आहे का अशी एक फळी?