मोड : खिशाची आणि कामाची

‘मोड’ हा शब्द आपल्या भाषेला नवा नाही. मटकीला मोड येतात, पाचशेच्या नोटेची मोड दुकानदार देत नाही; आणि आमचे शल्यचिकित्सक मित्र ज्या मोडांवर शस्त्रक्रिया करतात त्यांविषयी येथे लिहीत नाही, कारण ही स्मरणिका पुष्कळ घरी फराळाच्या ताटाशेजारी उघडली जाते. अलीकडे मात्र इंग्रजीतून आलेला एक निराळाच मोड आपल्या घरात, गाडीत आणि रुग्णालयात येऊन बसला आहे. यंत्र तेच, पण कळ फिरवली की त्याची वागण्याची रीत बदलते, तो हा मोड.

गेल्या कोजागिरीला दूध आटेपर्यंत गप्पा चालल्या असताना आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “हे सारे मोड म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशाची मोड. माझ्या पद्मिनीला एकच मोड होता. चालू झाली तर चालू, नाही तर ढकला!” सारे हसले, मीही हसलो. ते मला वडीलधारे असल्याने तेव्हा बोललो नाही. आता लेखणीचा आडोसा घेऊन बोलतो. सर, आपल्या पद्मिनीलाही दुसरा मोड होता. डिसेंबरातील बेळगावच्या थंडीत चोकची कळ ओढल्याशिवाय ती जागची हलत नसे. थंड इंजिनाला अधिक पेट्रोल लागते, हे ओळखून कुणीतरी केलेली ती सोय होती.

आजच्या गाड्यांत ‘इको’, ‘सिटी’, ‘स्पोर्ट’ अशी नावे असतात. त्यामुळे इंजिन बदलत नाही. पायाखालचे पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये आता संगणक बसलेला असतो. पेडल तेवढेच दाबले तरी ‘इको’त तो संथपणे उत्तर देतो, ‘स्पोर्ट’मध्ये तत्परतेने, आणि गाडी स्वयंचलित गिअरची असेल तर वरचा गिअरही उशिरा टाकतो. आता खडेबाजारात सायंकाळी ‘स्पोर्ट’ मोड लावून कोणता पराक्रम गाजवायचा, हे मला कळत नाही. तेथे सरांचे म्हणणे शंभर टक्के मान्य. पण हीच स्वयंचलित गाडी घेऊन चोर्ला घाट गोव्याच्या बाजूला उतरून पाहावा. वरच्या गिअरमध्ये ती उतारावर मोकाट सुटू लागते, आपला पाय ब्रेकवरून उठत नाही, आणि ब्रेक तापत जातात. अशा वेळी मॅन्युअल मोडमध्ये जाऊन खालचा गिअर पकडला की इंजिनच गाडीला आवरते. तो मोड शोरूममध्ये कुणी कौतुकाने दाखवत नाही. पावसाळ्यात, धुक्यात, मागे कुटुंब बसलेले असताना त्याची किंमत कळते.

व्हिडिओ गेमविषयी मी एरवी आपल्यासारखाच कपाळाला आठ्या घालणारा. माझे मत एका तेरा वर्षांच्या रुग्णाने बदलले. त्याला स्नायू क्षीण होत जाण्याचा आजार आहे. बोटांत बळ कमी, हालचाल मंद. २०१८ साली आलेला ‘सेलेस्ट’ नावाचा एक खेळ तो खेळत होता. त्यात एक मुलगी डोंगर चढते. खेळ मूळचा फार कठीण, पण त्यात ‘असिस्ट मोड’ आहे. खेळाची गती निम्म्यापर्यंत कमी करता येते, पकडून राहण्याची शक्ती न संपणारी करता येते, पडून मरण्याचे भयही काढून टाकता येते. शेजारी बसलेला थोरला भाऊ म्हणाला, “ही चीटिंग आहे.” मुलाने पडद्यावरची नजर न काढता मला विचारले, “डॉक्टरकाका, डोंगर तर तोच आहे ना?” 

वीस-बावीस वर्षे रुग्णांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र लिहून देणाऱ्या मला त्यावर काय उत्तर देणार! काठीने चालणाऱ्याने चीटिंग केली, असे आपण म्हणत नाही.

तरीही मी मोडांचा भाट नाही, आणि याचे कारण आमच्या अतिदक्षता विभागात आहे. काही वर्षांपूर्वी एका रात्री हृदयाची गती बेफाम झालेल्या रुग्णाला मी ‘सिंक’ मोडमध्ये विजेचा झटका दिला. या मोडमध्ये यंत्र हृदयाच्या ठोक्याची खूण हेरून नेमक्या क्षणी झटका सोडते. झटक्यानंतर लय सुधारण्याऐवजी हृदय नुसते थरथरू लागले. मी ताबडतोब दुसऱ्या झटक्यासाठी बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा दाबले. यंत्र ठोक्याची वाट पाहत होते, आणि ठोका तर उरलाच नव्हता. आमच्या जुन्या यंत्रात प्रत्येक झटक्यानंतर सिंक आपोआप बंद होई. या नव्यात तो चालूच राहत असे. सिस्टरने माझ्या हाताखालून बोट घालून तो बंद केला. रुग्ण वाचला. ते सात-आठ सेकंद मी विसरलेलो नाही. चूक माझी होती हे मी तेव्हाही म्हटले, आजही म्हणतो. पण यंत्राच्या पडद्यावर ‘सिंक’ ही अक्षरे मुगाच्या डाळीएवढी होती, हेही नमूद करतो.

१९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात ‘थेराक-२५’ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना भयंकर अतिमात्रा दिली. त्यांतील काही दगावले. त्याला क्ष-किरण आणि इलेक्ट्रॉन असे दोन मोड होते. चुकून निवडलेला मोड चालक काही सेकंदांत दुरुस्त करी, पडद्यावर दुरुस्ती दिसे, पण यंत्राच्या आत ती पोहोचलेलीच नसे. संगणकावरील कट, कॉपी, पेस्ट रूढ करणारे लॅरी टेस्लर (ते २०२० साली निवर्तले) यांनी तर मोडांना आयुष्यभर विरोध केला. त्यांच्या गाडीच्या पाटीवर क्रमांकाऐवजी ‘नो मोड्स’ असे लिहिलेले होते. मी इतक्या टोकाला जाणार नाही, कारण त्या मुलाचा डोंगर मला आठवतो.

पुढील महिन्यात आमच्या रुग्णालयात दोन नवी डिफिब्रिलेटर यंत्रे घ्यायची आहेत. विक्रेते माहितीपत्रकात मोडांची संख्या ठळक छापतात. मी मात्र त्या सिस्टरला बैठकीस बोलावले आहे. यंत्र दहा फुटांवर ठेवायचे, दिवे मंद करायचे, आणि ते कोणत्या मोडमध्ये आहे हे तिने दारातून सांगायचे, असे आमचे ठरले आहे.