मद्यगृहांची परिक्रमा

समुद्रपर्यटन करावें कीं करूं नये, हा वाद आपल्या घरांतून संपून कितीतरी वर्षें लोटलीं. आज डब्लिन, म्युनिक, मेलबर्न हीं नांवें आपल्या घरगुती संभाषणांत पुणें-नाशिक यांच्याच सहजतेनें येतात, आणि नातवाच्या गांवीं आतां रात्र असेल कीं दिवस, याचा हिशेब आजी बसल्या जागीं करते. परंतु एक जुना प्रश्न मिटला म्हणजे सारेच प्रश्न मिटले, असें नव्हे. परदेशीं शिकणाऱ्या मुलाचे सोबती त्याला रात्रीं चार-पांच मद्यगृहें हिंडवून आणणाऱ्या एका सहलीस बोलावतात. तो घरीं विचारतो, ‘जाऊं का?’ अशा वेळीं घरांतील वृद्धांच्या अंगावर कांटा उभा राहतो, तरुण हंसतात, आणि मधली पिढी विषय बदलते. विषय बदलल्यानें तो संपत नाहीं. म्हणून या महिन्यांत आम्हीं तोच घेतला आहे.

प्रथम हा प्रकार काय आहे तें पाहूं. इंग्रजींत यास ‘पब-क्रॉल’ म्हणतात. क्रॉल म्हणजे रांगणें. तेव्हां नांव ठेवणाऱ्यानें रात्रीची अखेर कशी होणार तें आधींच सांगून ठेवलें आहे, हा त्याचा प्रामाणिकपणाच म्हणावयाचा! पूर्वी मित्रमंडळी हा उद्योग आपापल्या हिंमतीवर करीत. आतां त्याचा व्यवस्थित धंदा झाला आहे. सायंकाळीं ठरल्या चौकांत दहा-वीस, कधीं पन्नास अनोळखी प्रवासी जमतात; एक हंसतमुख वाटाड्या त्यांच्या मनगटांवर रंगीत पट्टी बांधतो; आणि तास-अर्धा तास येथें, तास-अर्धा तास तेथें, असा हा तांडा शेवटीं एखाद्या नृत्यशाळेच्या दारीं जाऊन पोहोंचतो. परमुलुखांत एकटा असलेला मुलगा अशा सहलीस बहुधा मद्यासाठीं जातच नाहीं. तो सोबतीसाठीं जातो. ही गोष्ट वडील मंडळींनीं प्रथम ध्यानांत घ्यावी. एकटेपणा हें कांहीं दुर्व्यसन नव्हे.

परंतु अशा सगळ्या फेऱ्या एका जातीच्या नसतात, आणि आमच्या सांगण्याचा मुद्दा हाच आहे. दोन उदाहरणें घेऊं.

आयर्लंडची राजधानी डब्लिन येथें १९८८ पासून एक वाङ्मयीन फेरी चालते. ड्यूक स्ट्रीटवरील ‘द ड्यूक’ या पबांत मंडळी जमतात. वाटाडे म्हणून व्यवसायानें नट असलेले दोघेजण असतात. ते जॉइस, बेकेट, ऑस्कर वाइल्ड इत्यादि लेखकांचे प्रवेश व उतारे साभिनय म्हणून दाखवितात. वाइल्ड आणि बेकेट ज्या ट्रिनिटी कॉलेजांत शिकले, त्याच्या आवारांतही श्रोत्यांना नेण्यांत येतें. याच ड्यूक स्ट्रीटवर डेव्ही बर्न यांचा पब आहे. १९२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या जॉइसच्या ‘युलिसिस’ कादंबरीचा नायक १६ जून १९०४ या दिवशीं दुपारीं तेथेंच चीजचें सॅंडविच खातो आणि बर्गंडीचा एक पेला घेतो. या फेरीचें तिकीट तुम्ही काढतां तें नटांच्या श्रमासाठीं. पेल्याचे पैसे ज्याचे त्यानें निराळे द्यावयाचे. ज्यानें नुसतें पाणी मागितलें, त्यालाही प्रवेश तितकाच चांगला दिसतो आणि विनोद तितकाच कळतो.

आतां चेक देशाची राजधानी प्राग येथें चला. तेथील धंदेवाईक फेऱ्यांच्या जाहिरातींत बहुधा एक आमिष असतें : ठराविक पैसे भरा आणि पहिला तासभर वाटेल तितकी प्या. येथें वाटाड्या कांहीं सांगत नाहीं, कांहीं दाखवीत नाहीं. तो फक्त पुढच्या दाराकडे हांकतो. गंमत अशी कीं, ही रीति त्या देशाची नव्हेच. पिल्सेन गांवीं १८४२ सालीं ज्या सोनेरी बिअरचा जन्म झाला, ती पिणारा चेक मनुष्य एका मेजाशीं संध्याकाळभर बसतो. वाढपी त्याच्या समोरच्या चिठ्ठीवर एकेक रेघ ओढीत जातो, आणि उठतांना रेघा मोजून पैसे चुकते होतात. दरडोई बिअर पिण्यांत हा देश जगांत पहिला गणला जातो; परंतु पेला संपण्याआधीं दुसऱ्या दुकानाकडे पळत सुटणें ही त्यांची पद्धति नाहीं. तात्पर्य, ‘त्या देशाची संस्कृति पाहावयास जातों’ असें जो सांगेल, त्यास तेथें संस्कृति खेरीज करून इतर सर्व पाहावयास मिळेल.

असल्या फेऱ्यांचा त्रास कोणाला होतो? आपल्या आजोबांना नव्हे. ज्यांच्या खिडकीखालून तांडे जातात त्या नागरिकांना. म्हणूनच प्रागच्या नगरपालिकेनें २०२४ च्या ऑक्टोबरांत रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत वाटाड्यांच्या अशा फेऱ्यांवर बंदी घातली. स्पेनच्या बालेआरिक बेटांच्या सरकारनें २०२० च्या जानेवारींतच मॅगलूफ, प्लाया दे पाल्मा आणि इबिझा बेटावरील सांत आंतोनी येथील ठराविक भागांत त्या बंद केल्या. ॲम्स्टरडॅम शहरानें २०२३ च्या मार्चांत तर, धिंगाणा घालावयाचा असेल तर आमच्याकडे येऊंच नका, असें तरुण ब्रिटिश पुरुषांना उद्देशून जाहीर केलें. तेव्हां या प्रकाराविषयीं नाक मुरडणें हा केवळ आपल्या घरांतील सोंवळेपणा आहे, असें तरुणांनीं समजूं नये. ज्यांचा धंदाच पाहुण्यांवर चालतो, तेही कंटाळले आहेत.

या दोन जातींच्या फेऱ्यांत खरा भेद कोणता? जागा तीच, पेला तोच, रात्रही तीच. भेद एवढाच कीं, एकींत नकार फुकट मिळतो आणि दुसरींत नकाराला किंमत पडते. पैसे आधींच भरले असले म्हणजे न पिणें हें नुकसान वाटूं लागतें. आणि आपल्या काटकसरी घरांत वाढलेल्या मुलाला तें इतरांहून अधिकच वाटतें. पंगतींत पोट भरल्यावरही ‘ताट भरलें आहे, टाकूं नको’ हें ऐकत आपण मोठे झालों. तो सद्गुण श्रीखंडापुरता ठीक; मद्यगृहांत त्याच्यासारखा घातकी मित्र नाहीं.

दुसरी किंमत भिडेची. ब्रिटन व आयर्लंड येथें ‘राऊंड’ची चाल आहे : टोळींतील एकानें सर्वांसाठीं पेले आणावयाचे, मग दुसऱ्यानें, मग तिसऱ्यानें. पांच जणांची टोळी असली म्हणजे ऋण फेडतां फेडतां प्रत्येकाच्या पोटांत पांच पेले जातात, मग इच्छा एकाचीच कां असेना. या चालीचें बळ एवढें कीं, पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, ब्रिटिश सरकारला दुसऱ्यासाठीं पेला विकत घेण्यावरच अनेक भागांत बंदी घालावी लागली. त्यांस मद्याइतकेंच भय आग्रहाचें वाटलें.

आपल्याला हें शिकविण्यास परदेशीय दाखल्यांचीही गरज नाहीं. १९१९ सालीं रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ नाटकांत सुधाकराच्या हातीं पहिला पेला देणारा तळीराम एकटा नाहीं. त्याच्या पाठीशीं ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे. व्यसनाला मंडळ लागतें, सभासद लागतात, थट्टा लागते. गडकऱ्यांनीं तें शंभर वर्षांपूर्वीं ओळखलें होतें.

याचा प्रतिकारही मंडळानेंच होतो, हें विशेष. ज्या आयर्लंडाची पबांसाठीं ख्याति, त्याच देशांत १८३८ सालीं कॉर्क येथें फादर मॅथ्यू यांनीं मद्यत्यागाची चळवळ उभारली. डब्लिनच्या मुख्य रस्त्यावर आज त्यांचा पुतळा आहे. पुढें १८९८ सालीं फादर जेम्स कलन यांनीं ‘पायोनियर’ नांवाचा मद्यत्यागी संघ स्थापिला. त्याचे सभासद कोटावर एक लहानशी खूण लावीत. ती दिसली म्हणजे आग्रह करणारा थांबे, आणि नकार देणाऱ्यास कारणें सांगत बसावें लागत नसे. आपल्या मुलाच्या कोटावर अशी खूण नाहीं. तेव्हां त्याला निदान एक स्पष्ट वाक्य तरी घरून शिकवून पाठवावें. ‘मी घेत नाहीं’ हें तें वाक्य. ‘आज नको’, ‘पोट बरें नाहीं’ या सबबी पहिल्या पबांत चालतात. तिसऱ्या पबांत त्यांची चेष्टा होते.

जे घेतात त्यांच्यासाठींही थोडें गणित सांगणें आमचें कर्तव्य आहे. आयर्लंडमधील एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. ४.२ टक्क्यांच्या बिअरच्या अशा एका पाइंटांत सुमारें १९ ग्रॅम मद्यार्क असतो. यकृत ताशीं सुमारें आठ-दहा ग्रॅमच निचरूं शकतें. चार पबांत चार पाइंट झाले तर शरीर मोकळें होण्यास आठ तास व त्याहून अधिक लागणार. कॉफीनें अथवा थंड पाण्यानें हा काळ घटत नाहीं. चेक देशांत वाहन चालविणाऱ्याच्या रक्तांत मद्यार्क मुळींच चालत नाहीं, मग तो आदल्या रात्रीचा कां असेना. शिवाय महाराष्ट्रांत कडक मद्यासाठीं वयाची अट २५ वर्षांची आहे. प्राग व डब्लिन येथें ती १८ ची. म्हणजे येथें ज्याला दुकानदार हाकलून देईल, तोच तेथें विमानांतून उतरतांच ग्राहक होतो. अठराव्या वर्षीं एकदम मिळालेल्या या मोकळिकीची तयारी घरानेंच केली पाहिजे.

आणि आतां या लेखांतील सर्वांत गंभीर गोष्ट. २०२४ च्या नोव्हेंबरांत लाओस देशांतील वांग वियेंग या प्रवाशांच्या आवडत्या गांवीं मिथेनॉल मिसळलेल्या मद्यानें सहा परदेशीय प्रवासी मरण पावले. त्यांत कोवळ्या वयाच्या मुली होत्या. चेक देशांतही २०१२ सालीं अशाच विषारी मद्यानें अनेकांचे प्राण गेले, आणि सरकारला २० टक्क्यांहून अधिक मद्यार्काच्या पेयांची विक्री कांहीं काळ सर्वत्र थांबवावी लागली. मिथेनॉलला वेगळा रंग नाहीं, आणि पेल्यांत चवीवरून तें ओळखतां येत नाहीं. त्याचीं लक्षणें—डोळ्यांपुढें धुकें येणें, ओकारी, पोटदुखी, धाप—बहुधा कांहीं तासांनीं, कधीं दुसऱ्या दिवशीं दिसतात, आणि रोगी ‘रात्रीचा उतारा आहे’ म्हणून पांघरूण घेऊन निजतो. यावर औषध आहे. परंतु तें वेळेवर मिळालें तर. जो घरच्यांच्या भीतीनें तोंड लपवितो, त्याची ती वेळ निघून जाते.

येथें आम्हांस १८९० सालचें पुण्यांतील पंचहौद मिशनचें प्रकरण आठवतें. गोपाळराव जोशी यांच्या निमंत्रणावरून गेलेल्या मंडळींपुढें मिशनमध्यें चहा आला. कोणी प्याले, कोणी पेला तसाच ठेवला. गोपाळरावांनीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं, आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही ग्रामण्यास व प्रायश्चित्तास तोंड द्यावें लागलें. कोण गेला, कोण प्याला, याच चौकशींत पुणें कित्येक महिने गुंतलें होतें. आज त्या वादाचें आपल्याला हंसूं येतें. परंतु ‘तूं तेथें गेलासच कां?’ हा पहिला प्रश्न आपल्या घरांतून अजून गेलेला नाहीं. मध्यरात्रीं परदेशांतून घाबऱ्या आवाजांत फोन आला, तर हा प्रश्न शेवटीं विचारावा. पहिला प्रश्न ‘तूं कसा आहेस, आणि जवळ कोण आहे?’ हाच असावा. ज्या घरांत हा क्रम पाळला जातो, तेथील मुलें फोन करतात. उरलेल्या घरांतील मुलें पांघरूण घेतात.

म्हणून विचारणाऱ्या मुलास काय सांगावें? आमचें उत्तर असें : तिकिटांत काय विकलें जात आहे तें आधीं वाच. रस्ते, इतिहास, नाटक, गाणें विकलें जात असेल तर खुशाल जा, आणि हवें तें पेय घे. आज तेथील पबांत मद्यार्करहित बिअरही मिळते. मद्यच विकलें जात असेल, तर तें तिकीट काढूं नको. सोबत हवी असेल तर त्याच चौघांना दुसऱ्या संध्याकाळीं घरीं पोहे खावयास बोलाव. गेल्यावर राऊंडमध्यें शिरूं नको, पेला हातावेगळा ठेवूं नको, खुल्या बाटलींतील अथवा फुकट वांटलेलें कडक मद्य घेऊं नको, शेवटची ट्राम किती वाजतां हें निघण्यापूर्वीं पाहा, आणि युरोपीय संघाच्या सर्व देशांत संकटकाळीं ११२ हा क्रमांक लागतो हें ध्यानांत ठेव. आणि हेच शब्द मुलीलाही सांगावे, एकही शब्द कमी-अधिक न करतां. मुलाला मोकळीक आणि मुलीला मनाई असा दुहेरी न्याय ज्या घरांत चालतो, तेथें मनाई कोणीच पाळत नाहीं. मुलगी फक्त सांगणें सोडून देते.

वडिलांचा धाक परदेशीं पोहोंचत नाहीं. वडिलांवरचा विश्वास पोहोंचतो. तो पाठविण्यास तिकीट लागत नाहीं, परंतु त्याची बांधाबांध मुलगा घरीं असतांनाच करावी लागते.