लयीचा हिशोब

व्हिडिओ गेम म्हटले की बहुतेक घरांतील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते : पडद्यावरील धावपळ आणि मुलांच्या अंगठ्यांची अखंड घाई. जो अधिक चपळ तो जिंकतो, अशी एकंदर समजूत असते आणि पुष्कळ खेळांच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २१ जुलै २०११ रोजी आपल्या ‘वी’ या घरगुती यंत्रासाठी असा एक खेळ आणला, की ज्यात घाई करणारा हमखास चुकतो. जपानमध्ये त्याचे नाव ‘मिन्ना नो रिझुमु तेन्गोकु’, म्हणजे ‘सर्वांचा लयस्वर्ग’. अमेरिकेत तो फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘ऱ्हिदम हेवन फीव्हर’ या नावाने, तर युरोपात त्याच वर्षी ‘बीट द बीट : ऱ्हिदम पॅरडाइज’ या नावाने पोहोचला.

‘वी’ची सारी ख्याती त्याच्या रिमोटमुळे झाली होती. टेनिस खेळायचे तर दिवाणखान्यात उभे राहून हात खरोखर फिरवावा लागे. या खेळाने मात्र ते वैशिष्ट्य बाजूस ठेवले. येथे लागते ते एक ‘ए’ बटण. फार तर काही ठिकाणी ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन बटणे एकदम दाबावयाची. यामागील तर्क सहज समजण्याजोगा आहे. हाताच्या हेलकाव्याला नेमका क्षण नसतो, तो कोठे सुरू झाला आणि कोठे संपला हे सांगणे कठीण. बटण मात्र दाबले तरी जाते किंवा दाबले तरी जात नाही. जेथे क्षणाचाच हिशोब द्यावयाचा आहे, तेथे साधन जितके साधे तितका हिशोब चोख.

या संग्रहात पन्नास लघुखेळ ओळीने मांडलेले आहेत. प्रत्येक खेळ दोन-तीन मिनिटांचा आणि त्यातील प्रसंग गमतीचे. पहिल्याच खेळात गोल्फचे मैदान दिसते. लहान माकड चेंडू अलगद फेकते आणि खेळाडूने तो टोलवावयाचा असतो. मध्येच एक मोठा मँड्रिल निराळ्या आवाजाची खूण देऊन चेंडू जोरात भिरकावतो. दुसऱ्या एका खेळात एक शाळकरी मुलगा मैत्रिणीजवळ बसलेला असतो. त्याच्या दिशेने फुटबॉल, बास्केटबॉल असे निरनिराळे चेंडू उसळत येतात आणि प्रत्येकाची उसळी निराळ्या मापाची असते. जवळच बसलेल्या मुंगसासारख्या दोन छोट्या प्राण्यांच्या आनंदात विघ्न येऊ नये म्हणून मुलाने चेंडू नेमक्या क्षणी दूर लाथाडावयाचा. आणखी एका खेळात एक धिप्पाड कुस्तीगीर वार्ताहराच्या प्रश्नांना मान डोलावून उत्तरे देतो, तर अन्यत्र एक मांजर आणि एक कुत्रा उडत्या विमानांतून बॅडमिंटन खेळतात. चार खेळ झाले की पाचवा ‘रिमिक्स’ येतो. त्यात आधीचे खेळ एकाच गाण्यात भराभर बदलत जातात. चित्र पालटते, पण ठेका सुटता कामा नये.

वरवर हा पोरखेळ वाटतो. त्यातील गंभीर भाग थोड्या अंकगणिताने ध्यानात येईल. एखादी खूण ऐकून माणसाने हात हलवावा, यात साधारणतः सेकंदाचा पाचवा भाग खर्च होतो. मिनिटाला १२० ठोके असलेल्या गाण्यात दोन ठोक्यांमधील अंतर अवघे अर्ध्या सेकंदाचे. म्हणजे ठोका ऐकून मग बटण दाबू पाहणारा माणूस दर वेळी जवळजवळ अर्ध्या ठोक्याने मागे पडणार. तो वेगवान नाही म्हणून नव्हे, तर तो ठोक्याची वाट न पाहता त्याच्या पाठीमागे धावतो म्हणून. यावर उपाय एकच : आधीची मात्रा ऐकून पुढची मनात मोजावी आणि तिच्या स्वागताला हात अगोदरच सिद्ध असावा. तबलजीच्या संगतीला बसलेला गायक समेवर येतो तो सम ऐकून नव्हे. ती कोठे पडणार हे त्याला आधीच ठाऊक असते. या खेळाचे मर्म तेच आहे. म्हणूनच यातील पुष्कळसे खेळ डोळे मिटूनही खेळता येतात. किंबहुना चित्राकडे टक लावून बसणारा अधिक चुकतो, कारण खूण कानाला मिळते; डोळ्यांना मिळते ती बव्हंशी करमणूक.

निकाल देण्याची रीतही निराळी आहे. खेळ चालू असता पडद्याच्या कोपऱ्यात गुणांचा आकडा धावत नाही. शेवटी शब्दांत शेरा मिळतो : पुन्हा प्रयत्न करा, ठीक, किंवा उत्कृष्ट. सोबत कोठे बरे जमले, कोठे फसले, याचे एखादे वाक्य असते. उत्कृष्ट ठरलेल्या खेळात पुढे कधीतरी एक कठोर कसोटीही समोर येते. तिच्यात एकही चूक चालत नाही आणि तीनच संधी मिळतात. याउलट एखादा खेळ वारंवार प्रयत्न करूनही जमत नसेल, तर खेळातील उपाहारगृहाचा मालक तो तूर्त सोडून पुढे जाण्याची मुभा देतो. अडलेल्या मुलाला तेथेच कोंडून ठेवू नये आणि पारंगत झालेल्याला सैल सोडू नये, ही दृष्टी अनेक वर्गशिक्षकांनाही मान्य होईल.

घरात हा खेळ कोणी लावणार असेल तर एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात ठेवावी. आजचे सपाट टीव्ही चित्र अधिक देखणे करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतात आणि त्यात कधी सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उशीर होतो. चित्रपट पाहताना तो जाणवत नाही. लयीच्या खेळात मात्र मूल अचूक असूनही चुकीचे ठरते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असल्यास तो लावावा. मुलाला दोष देण्यापूर्वी काटा तपासून पाहावा, हे व्यापाऱ्याच्या घरात वेगळे सांगावयास नको.

या खेळामागील माणसाची कथा मात्र सर्वाधिक विचार करावयास लावणारी आहे. त्सुंकु हे जपानचे नामवंत गायक आणि संगीतनिर्माते. ‘शारान क्यू’ या वाद्यवृंदाचे ते गायक होते, तर ‘मॉर्निंग मुसुमे’ या १९९७ मध्ये स्थापन झालेल्या लोकप्रिय गायिकासमूहाचे निर्माते. लयीची जाण ही जन्मजात देणगी नसून सरावाने वाढणारी शक्ती आहे, या धारणेने त्यांनी निन्टेन्डोपुढे खेळाचा प्रस्ताव मांडला. त्यातून ऑगस्ट २००६ मध्ये ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ या हातातील यंत्रासाठी मालिकेचा पहिला खेळ निघाला. त्या वेळी खेळ घडविणाऱ्या मंडळींनाच प्रथम नृत्याचे धडे घ्यावे लागले होते. ज्याला स्वतःला ठेका धरता येत नाही, त्याने तो दुसऱ्याला कसा शिकवावा, हा त्यामागील सरळ विचार.

२०१४ मध्ये त्सुंकु यांना स्वरयंत्राचा कर्करोग झाल्याचे जाहीर झाले. उपचारांनंतर तो पुन्हा आढळला आणि अखेर स्वरयंत्र काढावे लागले. एप्रिल २०१५ मध्ये ते ज्या किन्की विद्यापीठाचे माजी विद्यार्थी, तेथील प्रवेश समारंभात नवागत विद्यार्थ्यांसमोर ते उभे राहिले. त्यांचे मनोगत पडद्यावर अक्षरांतून उमटत गेले. जगण्यासाठी आपण आवाजाचा त्याग केला, असे त्या अक्षरांनी सांगितले. ज्याचे नाव, कीर्ती आणि उपजीविका गळ्यावर उभी होती, त्याच्या खतावणीतील सर्वांत मोठी जमा एका दिवसात पुसली गेली होती. तरीही त्यांचे काम थांबले नाही. त्याच वर्षी जून महिन्यात या मालिकेचा पुढचा खेळ जपानमध्ये प्रसिद्ध झाला आणि संगीत देण्याचे व निर्मितीचे कार्य त्यांनी पुढेही चालू ठेवले. स्वर गेला, लय राहिली. कारण लयीचे वास्तव्य कंठात नव्हे, मोजणाऱ्या मनात असते.

ज्या घरात सकाळी दुकान नेमक्या वेळी उघडते, तेथे वेळेचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. तथापि उशिराने जेवढा तोटा होतो तेवढाच उतावळेपणानेही होतो, हे तरुण पिढीला पटवून देणे कठीण जाते. या संग्रहातील काही खेळ दोघांनी मिळून खेळता येतात. आजोबांनी एक रिमोट हाती घ्यावा आणि नातवाबरोबर बसावे. अंगठा नातवाचा चपळ असेल. परंतु योग्य क्षणाची वाट पाहण्याचा सराव ज्याच्या गाठीशी अधिक, त्याचाही ठोका बरोबर पडण्याचा पुरेपूर संभव आहे.