कागद तिचे, पगार तिचा

कोकणातल्या मुसलमानांना परदेश नवा नाही. आमच्या पणज्यांच्या पिढीने जहाजांच्या भट्ट्यांत कोळसा ओतला. कुणी केपटाऊनला उतरले, कुणी मोंबासाला, आणि तिथेच राहिले. पुढे सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला, तशी कुवेत, दम्माम, दोहा ही नावं खेड-चिपळूणच्या एसटी स्टँडवर दापोली-गुहागरइतकी सरावाची झाली. घरातला कर्ता मुलगा बाहेर आणि बाकीचं घर त्याच्या ड्राफ्टवर. मुलगा तिथे एकटा कसा राहील, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. विचारलं असेल तर आईने, तेही मनातल्या मनात.

आता अर्ज मुलीच्या नावाचा येतो, आणि हा प्रश्न सगळा मोहल्ला विचारतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे सॉफ्टवेअरवाला म्हणजे हजचा फॉर्म भरणारा, पासपोर्टची अपॉइंटमेंट काढणारा आणि प्रिंटर अडला तर तोही बघणारा माणूस. त्यामुळे कोण कुठे निघालं आहे, हे मला लग्नपत्रिकेच्याही आधी कळतं. गेल्या काही वर्षांत माझ्या लॅपटॉपवर नर्सिंगचे फॉर्म वाढले. जीएनएम झालेल्या, बीएस्सी नर्सिंग केलेल्या, मुंबई-पुण्यात एखाद-दोन वर्षं वॉर्डात काम केलेल्या मुली येतात. सोबत अब्बा किंवा मामू असतात, आणि बहुतेक वेळा बोलतातही तेच. तिला काय विचारायचं ते मी तिलाच विचारतो. पहिल्या पाच मिनिटांत त्यांना ते थोडं खटकतं, मग सवय होते.

नर्सिंग हे आपल्या समाजात फार काळ 'चांगल्या घरच्या मुलींचं' काम नव्हतं. रात्रपाळी, परपुरुषाच्या अंगाला हात लावणं, घराबाहेर हॉस्टेलवर राहणं हे सगळं नडत होतं. आपणच तेवढे असे होतो असं नाही. सवर्ण हिंदू घरांतही हेच होतं. केरळच्या ख्रिस्ती घरांनी हा संकोच आधी सोडला. १९६०च्या दशकात तिथल्या कॅथलिक मुली चर्चच्या ओळखीने जर्मनीला गेल्या, अगदी कोवळ्या वयात, भाषा न येता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जर्मनीला त्यांची गरज वाटेनाशी झाली, तेव्हा अनेकींचे परवाने वाढवले गेले नाहीत आणि त्यांना परतावं लागलं. ज्या राहिल्या त्यांचे नवरे मागून गेले आणि बरीच वर्षं कामाच्या परवान्याशिवाय घरी मुलं सांभाळत बसले. त्या पुरुषांना केरळात काय काय टोमणे ऐकावे लागले असतील, याची कल्पना आपल्याला करता येते. पण आज भारतीय नर्स म्हटलं की जगाच्या डोळ्यांसमोर केरळ येतं, ते या बायांमुळे.

आणि आपल्याकडे? मस्जिद-ए-नबवीच्या आवारात तंबू टाकून जखमींवर उपचार करणाऱ्या रुफैदा अल-अस्लमिया यांचं नाव आपण जलशांत मोठ्या अभिमानाने घेतो. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद इब्न मुआज यांना त्यांच्याच तंबूत ठेवलं होतं. हे सांगणारेच घरी आल्यावर भाचीला म्हणतात, 'नर्स कशाला, डी.एड. कर.'

असो. मंजुरीचा हा वाद हळूहळू मिटतो आहे, कारण पगाराचा आकडा भल्याभल्यांना गप्प करतो. त्यानंतर जे होतं, ते मला जास्त टोचतं. मुलगी नोकरीला निघते, पण सगळे तिच्याकडे व्हिसा म्हणून बघू लागतात. भावाला तिकडे ओढता येईल का, घराचा स्लॅब कधी पडेल, लग्न आधी करून पाठवावं की नंतर, याचीच चर्चा होते. तिची कागदपत्रं, तिचा करार, तिचा पगार या गोष्टी तिच्या हातात आहेत का, हे कुणी पाहत नाही.

कागदांपासूनच सुरुवात करतो, कारण तिथे माझा रोजचा अनुभव आहे. आखातात परवाना मिळवायचा तर लेखी परीक्षेसोबत डेटाफ्लोची पडताळणी लागते. म्हणजे तुमची पदवी, नोंदणी आणि अनुभवाचे दाखले थेट ते देणाऱ्या कॉलेजला, कौन्सिलला, रुग्णालयाला विचारून तपासले जातात. इथे आपल्या मुली अडकतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. दहावीच्या सर्टिफिकेटवर 'फातेमा', आधारवर 'फातिमा', नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर 'फातीमाबी', पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आणि शेख शेवटी, कॉलेजच्या दाखल्यावर शेख आधी. इंग्रजी स्पेलिंगचे प्रकार तर विचारूच नका. आपल्या कानाला ही एकच मुलगी आहे. पडताळणी करणाऱ्याच्या लेखी ती चार वेगवेगळ्या मुली आहेत. मी दिवसभर याच प्रकारच्या चुका कोडमध्ये शोधतो. एका अक्षराने दोन नोंदी जुळत नाहीत. फरक एवढाच की इथे जुळल्या नाहीत तर एखादीची ऑफर हातची जाते. नाव दुरुस्त करायला राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते, मग एकेक कार्यालय गाठावं लागतं. त्यात निकाह झाल्या झाल्या सासरच्या हौसेने पासपोर्टवर नवं नाव चढवलं, की गुंता दुप्पट.

आता पैसा. भारत सरकारने २०१५ मध्ये नियम केला की सौदी, कुवेत, अमिरात, कतार धरून अठरा देशांत नोकरीला जाणाऱ्या नर्सला सरकारी परवानगी लागेल आणि भरती ठरावीक सरकारी संस्थांमार्फतच होईल. केरळच्या नोर्का रूट्स आणि ओडेपेक या त्यातल्या पहिल्या. हा नियम उगाच आला नाही. त्याच वर्षी कोचीत कुवेतच्या भरतीचा एक घोटाळा उघड झाला होता. एजंटाला साडेएकोणीस हजार घेण्याची मुभा होती, आणि नर्सेसकडून साडेएकोणीस लाखांपर्यंत उकळले गेल्याचा आरोप होता. आज कायद्याने एजंटाच्या शुल्काची कमाल मर्यादा तीस हजार रुपये आणि वर जीएसटी एवढीच आहे. आमच्याकडे मात्र अजून 'चार लाखांत बसवून देतो' म्हणणारा माणूस मिळतो आणि त्याला लोक चहा पाजतात.

कर्ज काढून गेलेल्या मुलीचं काय होतं, हे २०१४ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. इराकमधल्या तिक्रीतच्या रुग्णालयात ४६ भारतीय नर्स अडकल्या होत्या, बहुतेक केरळच्या. बाहेर लढाई चालू होती, आणि तरी त्यांच्यातल्या काही सुरुवातीला परत यायला तयार नव्हत्या, कारण घरी एजंटासाठी काढलेलं कर्ज बसलं होतं. जुलैमध्ये त्या सुखरूप कोचीला उतरल्या. बॉम्बपेक्षा हप्त्याची भीती मोठी वाटावी, अशा अवस्थेत आपण आपल्या मुलीला पाठवतो का, हा प्रश्न मी प्रत्येक मामूला विचारतो. उत्तर बहुधा 'अल्लाह मालिक आहे' असं येतं. आहेच. पण करारावर सही तिची असते.

खऱ्या भरतीत खर्च मालक उचलतो, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जर्मनीचा 'ट्रिपल विन' कार्यक्रम २०२१ पासून केरळशी जोडला गेला आहे. त्यात उमेदवाराकडून भरतीचं शुल्क घेत नाहीत, भाषेचा वर्गही त्यातच येतो. ब्रिटनमध्ये नोकरी लावून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घेणं बेकायदा आहे. तरी तिथल्या 'केअरर'च्या व्हिसावर नर्सेस पाठवून लाखो रुपये कमावणारे इथे होते. केअरर म्हणजे वृद्धांची देखभाल करणारी मदतनीस; ते काम हलकं नाही, पण ती नर्सची नोंदणी नव्हे. नर्स म्हणून तिथे काम करायचं तर त्यांच्या कौन्सिलच्या दोन परीक्षा, एक संगणकावरची आणि एक प्रत्यक्ष कामाची, आणि इंग्रजीची पातळी गाठावीच लागते. २०२५ च्या जुलैपासून केअररचा तो रस्ता बाहेरून नव्याने येणाऱ्यांसाठी बंदच झाला. कुणी अजून त्याच्या नावाने पैसे मागत असेल, तर त्याला चहासुद्धा देऊ नका.

पेहरावाबद्दल मुली हळू आवाजात विचारतात, म्हणून मोठ्याने सांगतो. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत स्वच्छ हिजाब चालतो. हात मात्र कोपरापासून खाली उघडे हवेत. हा संसर्ग टाळण्याचा नियम आहे. ज्यांना श्रद्धेमुळे हात झाकायचे आहेत त्यांच्यासाठी एकदा वापरून टाकायच्या बाह्यांची सोय त्यांच्या मार्गदर्शिकेत आहे. जर्मनीत जपून. तिथली अनेक रुग्णालयं चर्चच्या संस्था चालवतात, आणि अशी संस्था नर्सला डोक्यावरच्या रुमालाला मनाई करू शकते, असं तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं आहे. ऑफर स्वीकारण्याआधी रुग्णालय कुणाचं आहे ते विचारा. हिजाब घालायचा की नाही हे तिने ठरवायचं. पण तिथे पोचल्यावर कळावं, अशी ही गोष्ट नाही.

जाऊच नये, असं म्हणणारेही आहेत. देशात नर्सेस कमी आहेत, हे खरं. पण त्यांना इथे काय मिळतं? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सांगितलं होतं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. मोहल्ल्यातल्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या कुठल्याही मुलीला आज हा आकडा विचारून बघा. यात आपल्या ट्रस्टच्या दवाखान्यांचाही अपवाद करू नका. खिदमतचा सवाब डॉक्टरला आणि ट्रस्टीला मिळतोच की. पगारकपात मात्र नर्सच्याच वाट्याला का? जिला इथे धड वीस हजार देत नाही, तिला वतनाची आठवण करून द्यायचा आपल्याला काय हक्क?

शिष्यवृत्तीचंही तसंच. मी पाहिलेल्या समाजाच्या फॉर्मांत डॉक्टर-इंजिनिअरसाठी रकाने असतात, नर्सिंगसाठी क्वचित, आणि भाषेच्या वर्गासाठी नाहीच. जर्मनीत नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर भाषेची बी-टू पातळी लागते. तोवर मदतनीसाच्या कामावर आणि पगारावर राहावं लागतं. मुंबई-पुण्यात मॅक्सम्युलर भवनात हे शिकता येतं, पण वॉर्डातल्या पाळ्या सांभाळून, भाडं भरून, पगारातून फी काढून ते करणं सोपं नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. दार उघडलं आहे. एका मुलीच्या भाषेच्या वर्गाची फी एखाद्या वलिम्यातल्या मिठाईच्या खर्चात निघेल, आणि ती एजंटाकडे जाणार नाही.

माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी निघण्यापूर्वी बँकेत एनआरई खातं फक्त स्वतःच्या नावाने उघडायला सांगतो. घरी पैसे ती पाठवेलच. आपल्याकडच्या मुली पाठवतातच. किती आणि कधी, हे तिने ठरवावं. कराराची प्रत, परवान्याची प्रत तिच्या ईमेलवर असावी, मामूच्या व्हॉट्सअॅपवर नव्हे. आणि पासपोर्ट तिच्याजवळ. सौदी, कतार, अमिरातीत मालकाने तो ठेवून घेणं कायद्याला धरून नाही, हे तिला विमानात बसण्याआधी माहीत हवं.

बहीण बारावीला असेल तर या आठवड्यात एक काम करा. तिचं दहावीचं सर्टिफिकेट, आधार आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी ठेवा, आणि तिन्हींवरचं नाव अक्षर अक्षर जुळवून बघा.