झुलते मनोरे? मनोरा म्हणा!

‘जगातल्या अजब इमारती’ हा फॉरवर्ड दर दोन महिन्यांनी कुठून तरी येतोच. प्रागचं नाचरं घर (१९९६), पोलंडमधलं सोपोतचं वाकडं घर (२००४), आणि पिसाचा मनोरा तर असतोच असतो. आपण ‘भारी!’ लिहून पुढे ढकलतो. ढकला, माझं काही म्हणणं नाही. पण मेहरूण तलावावर सकाळी चालणाऱ्यांपैकी किती जणांनी फरकांडे बघितलंय?

फरकांडे म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं, एरंडोल तालुक्यातलं गाव. तिथे दोन झुलते मनोरे होते. एक हलवला की दुसरा आपोआप डुलायचा. त्यातला एक पडला. ‘‘एक आहे ना अजून!’’ असं म्हणणारे भेटतात, आणि तिथेच माझं डोकं फिरतं. अरे, कॉलेजात रेझोनन्स शिकलात ना? सारखी उंची, सारखी बांधणी, बहुधा म्हणूनच एकाची थरथर दुसरा उचलायचा. आता हलवला तरी डुलणार कोण?

पिसाचा मनोरा १९९० मध्ये लोकांसाठी बंद केला. उत्तरेकडून पायाखालची माती थोडी थोडी काढून तो साधारण ४५ सेंटीमीटर सरळ केला आणि २००१ मध्ये परत उघडला. अकरा वर्षं! मुद्दाम कललेलाच ठेवला, कारण पूर्ण सरळ केला तर बघायला येणार कोण? (याला म्हणतात रिक्वायरमेंट समजणं.)

आणि आपण? जळगाव-धुळ्यात इंजिनिअरिंग कॉलेजं काय कमी आहेत? उरलेल्या मनोऱ्याच्या भेगा मोजा, कंपनं नोंदवा, मोजमापं घेऊन मॉडेल करा. फायनल इयरला ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ अजून किती वर्षं करणार?