ढोलकपूरचा भीम आणि मसूर स्टेशनवरचा भीम



यंदा जयंतीला घाटकोपरच्या आमच्या वस्तीत मुलांची चित्रकला स्पर्धा होती. विषय होता 'आपला भीम'. पहिलीतल्या एका पोरीने लाडू खाणारा, धोतर नेसलेला छोटा भीम काढला. सगळे हसले. मला हसू आलं नाही. 11 जुलै 1997 ला याच घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, 10 जण मारले गेले. ते पाहून मुलुंडच्या शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला. तिथल्या लेकरांचा भीम ढोलकपूरचा?

पोरीचा काय दोष? आई धुणीभांडी करून येईपर्यंत तिला मोबाइलच सांभाळतो. 2008 पासून ते कार्टून घराघरात आहे. त्यात राज्य राजाचं, आणि दांडगाई करणाऱ्याचं नाव कालिया! ते संपलं की पुढचा व्हिडिओ आपोआप लागतो, पंचतंत्रातल्या गरीब ब्राह्मणाचा. जात शिकवायला आता शाळामास्तर लागत नाही.

आपले ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात, मोबाइलने पिढी बिघडवली. साफ खोटं. मोबाइल नव्हता तेव्हा छापील मराठी बालसाहित्यात तरी आपली वस्ती कुठे होती? मामाचा वाडा होता, चिरेबंदी. उलट याच मोबाइलवर भीमगीतं कुठल्याही मक्तेदाराला न विचारता गावोगाव पोचली. मग आपण लेकरांसाठी काय टाकलं? डीजेचे मिक्स, मिरवणुकीचे रील्स आणि एकमेकांच्या गटांना शिव्या. आठ वर्षांच्या पोराने त्यात बघायचं काय?

आणि गोष्ट तर तयार आहे, खुद्द बाबासाहेबांनी लिहून ठेवलेली. 1901 साल. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली चार पोरं नवे कपडे घालून मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरतो. बैलगाडीवाला दुप्पट भाडं घेतो, वर अट घालतो की गाडी पोरांनीच हाकायची, तो पायी येणार. रात्र पडते. डबा भरलेला आहे, पण पाणी कोणी देत नाही, म्हणून पोरं उपाशी झोपतात. यात प्रवास आहे, अंधार आहे, भीती आहे. लेकरांना आणखी काय लागतं? तरी आपण त्यांना फक्त कोटातले, बोट उंचावलेले बाबासाहेब दाखवतो, हात जोडण्यापुरते.

गेल्या रविवारी विहारात ही गोष्ट मुलांकडून वाचून घेतली आणि मोबाइलवर रेकॉर्ड केली. मागे मिक्सर वाजतोय, एक बाळ रडतंय, चालेल. लाडूवाला भीम काढणारी पोरगी गाडीवाल्याचा आवाज काढायला हटून बसली. रेकॉर्डिंग संपल्यावर तिने विचारलं, "मग त्यांना पाणी कधी मिळालं?"

महाडची गोष्ट पुढच्या रविवारी रेकॉर्ड करतोय.