हळर्णचा पूर आणि सरकारी संगणक

सरकारी कार्यालयाच्या संगणकात विषाणू शिरला, ही बातमी सामान्य वाचक सहसा वरवर वाचून पुढे जातो. फार तर एखादा दाखला दोन दिवस उशिरा मिळेल, एवढाच त्याचा अंदाज असतो. गोव्यात जून 2022 मध्ये जे घडले, त्याने हा अंदाज खोटा ठरवला. 21 जूनच्या मध्यरात्रीनंतर जलस्रोत खात्याच्या पूरमापन यंत्रणेच्या सर्व्हरवर खंडणी मागणाऱ्या विषाणूचा, म्हणजे रॅन्समवेअरचा, हल्ला झाला. राज्यातील प्रमुख नद्यांवरील केंद्रांकडून येणारी माहिती या सर्व्हरवर साठत असे. साऱ्या फायलींच्या नावांपुढे ‘इकिंग’ हे शेपूट लागले, त्या उघडेनाशा झाल्या आणि कुलूप काढण्यासाठी बिटकॉइनची मागणी पडद्यावर झळकली. खात्याने पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार नोंदवली.

हा हल्ला ऐन मृग नक्षत्राच्या सरींत झाला, यातच त्याचे गांभीर्य आहे. पेडणे तालुक्यातील हळर्णसारख्या गावाला ते वेगळे सांगावे लागत नाही. हळर्णचा जुना किल्ला शापोरा नदीवर नजर ठेवण्यासाठीच काठावर उभा राहिला. 1746 मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला. आज नदीवर नजर ठेवण्याची गरज शत्रूसाठी उरलेली नाही, पाण्यासाठी आहे. हीच नदी महाराष्ट्रात तिळारी म्हणून ओळखली जाते आणि दोडामार्ग तालुक्यात तिच्यावर धरण आहे. ऑगस्ट 2019 मध्ये अतिवृष्टी आणि धरणातून सोडलेले पाणी यांचा मेळ जमला, तेव्हा इब्रामपूर-हसापूरपासून हळर्णपर्यंतच्या पट्ट्याने नदीचे रौद्र रूप पाहिले. त्यानंतर जुलै 2021 मध्ये पेडणे, डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत पूर आला. 1982 नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्र्यांनी त्या वेळी म्हटले होते. त्या पुराला वर्षही उलटले नव्हते, तोच पुराची माहिती ठेवणारा सर्व्हर बंद पडला.

हल्ला झाला कसा, याचे उत्तर अधिक चिंताजनक आहे. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या तपशिलानुसार हा सर्व्हर चोवीस तास इंटरनेटशी जोडलेला होता, त्यावर अँटिव्हायरस नव्हता आणि फायरवॉल कालबाह्य झालेली होती. दार सताड उघडे ठेवून घरमालक झोपी जावा, तसाच हा प्रकार. ‘इकिंग’ हा विषाणू फोबोस या घराण्यातला. दुरून संगणक चालवण्यासाठी उघडी ठेवलेली वाट आणि सहज ओळखता येणारा पासवर्ड, हे या घराण्याचे नेहमीचे प्रवेशद्वार आहे. मुळात अशा टोळ्या विशिष्ट राज्य किंवा खाते हेरून बसतातच असे नाही. इंटरनेटवर कोणाचे दार उघडे आहे, हे त्यांची यंत्रे शोधत फिरतात. त्यामुळे ‘छोट्या गोव्याच्या छोट्या खात्याकडे कोण पाहणार’ हा समज मुळातच निराधार आहे.

जगभरचा अनुभवही हेच सांगतो. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ विषाणूने सुमारे दीडशे देशांतील संगणकांना ग्रासले. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, उपलब्ध केली होती. दुरुस्ती होती, परंतु ती बसवणारा हात नव्हता. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे पाच सर्व्हर बाधित झाले आणि नोंदणीपासून देयकांपर्यंतची कामे अनेक दिवस कागदावर करावी लागली. तेथे दोन गोष्टींनी तारले. एक म्हणजे बाधा न झालेल्या राखीव सर्व्हरवरून रुग्णनोंदी परत मिळवता आल्या, आणि दुसरी म्हणजे हाताने काम करणारी माणसे हजर होती. खंडणी भरूनही माहिती परत मिळेलच याची शाश्वती नसते. फोबोस घराण्यातील काही विषाणूंची कुलपे उघडणारे मोफत साधन जपानच्या पोलिसांनी जुलै 2025 मध्ये खुले केले, म्हणजे गोव्यातील हल्ल्यानंतर तीन वर्षांनी. पूर तीन वर्षे थांबत नाही.

तेव्हा प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि देखभालीचा अधिक आहे. गोव्याला ही गोष्ट परकी नाही. खाजन शेतीचा बांध आणि त्यातील मानस एकदा बांधून कधीच भागले नाही. खेकड्याने पाडलेले भोक वेळीच बुजवले नाही तर भरतीचे खारे पाणी सारे शेत बुडवते, हे जाणणाऱ्या गावकरीने बांधाची जबाबदारी नेमून दिली होती. सरकारी संगणकाच्या बाबतीत हीच नेमणूक हरवलेली दिसते. यंत्र खात्याचे, जागा डेटा सेंटरची आणि देखभाल कंत्राटदाराची, अशी वाटणी झाली की अँटिव्हायरसची मुदत संपल्याचे पाहायचे कोणी, हे कोणालाच ठाऊक नसते. निविदेत यंत्रखरेदीला मानाचे पान मिळते. पुढील पाच वर्षांच्या रखवालीला मात्र शेवटच्या ओळीत जागा मिळते.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवणे, कामाच्या संगणकावर अनोळखी पेन ड्राइव्ह न लावणे, अपरिचित ईमेलमधील फाईल न उघडणे आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र, भक्कम पासवर्ड देणे, ही झाली रोजची शिस्त. त्याहून महत्त्वाची आहे राखीव प्रत. ती त्याच जाळ्यात जोडलेली असेल तर विषाणू तिलाही कुलूप लावतो. म्हणून एक प्रत जाळ्याबाहेर ठेवली पाहिजे आणि ती खरोखर उघडते का, हे अधूनमधून पाहिले पाहिजे. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवण्याचे बंधन केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेने 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांद्वारे घातले आहे. ते पाळायचे तर कळवणारा अधिकारी आधीच ठरलेला हवा.

पूरमापनासारख्या यंत्रणेला आणखी एक अट लागू होते. संगणक बंद पडला तरी इशारा बंद पडता कामा नये. पुलाच्या खांबावरील मोजपट्टी डोळ्यांनी वाचणारा माणूस, तिळारीतून पाणी सोडण्यापूर्वी दोडामार्गहून पेडण्याच्या मामलेदार कार्यालयाला येणारा फोन आणि तेथून पंचायतींपर्यंत पोहोचणारा निरोप, ही साखळी कागदावर लिहिलेली आणि तालमीत तपासलेली असावी लागते.

दरवर्षी मे महिन्यात मान्सूनपूर्व तयारीच्या बैठका होतात. नाले उपसले जातात, धोकादायक झाडे छाटली जातात, आपत्कालीन क्रमांक जाहीर होतात. याच यादीत ‘पूरमापन सर्व्हरची तपासणी झाली, राखीव प्रत उघडून पाहिली’ ही एक ओळ जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीनिशी आली पाहिजे. शापोरेचे पाणी रात्री चढू लागते तेव्हा हळर्णमधील कुटुंबाला सामान हलवायला आणि गुरे सोडायला मिळणारा वेळ आता काही अंशी दूरच्या एका खोलीतील यंत्रावर अवलंबून आहे. ते यंत्र जागे ठेवणे, हेही पूरनियंत्रणाचेच काम आहे.